प्राध्यापकांचं मेंटॉरिंग: कार्यशाळा पुरे, मसुदे वाचूया का?

तळटीप
मंडळी, नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी संशोधन मार्गदर्शनाची योजना आखायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. संशोधन, प्रकाशन आणि प्रकल्पासाठी निधी या तिन्हींत त्यांना हात द्यावा, असं पत्रात म्हटलंय. कसा द्यायचा ते अर्थातच लिहिलेलं नाही.

आजवरची रीत म्हणजे कार्यशाळा. बाहेरून एखादं मोठं नाव बोलवायचं. मग इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, चांगलं जर्नल कसं ओळखावं, साहित्यचोरी पकडणारं सॉफ्टवेअर, शेवटी प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा फोटो. बसलेल्यांना त्या वेळी सगळं पटतं. दुसऱ्या दिवशी ते वर्गावर जातात आणि लॅपटॉपमधला अर्धा पेपर अर्धाच राहतो. प्रास्ताविक, पद्धती, फलितं, चर्चा हा साचा पीएच.डी. झालेल्या माणसाला नव्याने सांगायची गरज नसते. घोडं अडतं ते पुढे. "माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातून पेपर काढायचाय, तर त्यातलं टाकून काय देऊ?" हे प्रकरण वाचल्याशिवाय कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.

पीएच.डी. चालू असताना गाईड असतो. बरा असो, वाईट असो, लिहिलेलं वाचणारं कोणीतरी असतं. नोकरी लागली की त्या दिवसापासून हा माणूस 'स्वतंत्र संशोधक' होतो, आणि त्याचं लेखन वाचणारं पहिलं माणूस म्हणजे थेट जर्नलचा अनोळखी समीक्षक. मधे कोणीच नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा: कार्यशाळा बंद, किंवा निदान कमी. तीन-चार नवे प्राध्यापक, सोबत एक अनुभवी, वार ठरलेला, आणि प्रत्येक बैठकीला एकाचीच थोडी पानं. ती आधी वाचून यायची आणि बैठकीत फक्त त्या पानांवर बोलायचं. ज्यांनी असं काही केलंय किंवा करून सोडून दिलंय, त्यांचं ऐकायचंय. मेंटॉर कोणी व्हावं आणि पेपरवर त्याचं नाव यावं का, यावर आमच्याकडे आत्ताच भांडणं सुरू झाली आहेत.

अर्धविराम
वाचनखूण साठवली आहे. कल्पना छान, पण वेळ कुठून आणणार? ज्येष्ठांच्या वर्कलोडमध्ये मेंटॉरिंग धरत नाहीत तोवर ते 'चहा घेऊ एकदा'च्या पुढे जात नाही. पहिल्या बैठकीला सगळे, तिसरीला मेंटॉर मीटिंगमध्ये, पाचवी झालीच नाही. हे एवढं पाहिलंय की आता अशी योजना ऐकली की मी आधी विचारतो, याचे तास कुठल्या रकान्यात?

समीक्षक_दोन
(नावावर जाऊ नका. जर्नलचा 'दुसरा समीक्षक' खडूस म्हणून बदनाम असला, तरी मी स्वभावाने गरीब आहे.)

एका जर्नलच्या संपादक मंडळावर आहे म्हणून लिहितो. डेस्क रिजेक्ट, म्हणजे समीक्षकाकडे न जाता संपादकाच्या टेबलावरूनच परत गेलेले पेपर. त्यातले बरेचसे एका सहकाऱ्याने तासभर वाचले असते तर वाचले असते. कारणं फार खोल नसतात. जर्नलचा विषय वेगळा असतो. वैद्यकीय चाचणीचा पेपर असून कॉन्सॉर्टची, म्हणजे अशा पेपरात काय काय सांगावं याची, यादी भरलेली नसते, किंवा पद्धतशीर आढावा म्हणवतो पण आढाव्यांसाठीच्या तशाच यादीचा, प्रिझ्माचा, पत्ता नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा पहिलं पान उलटलं तरी प्रश्न काय आहे ते कळत नाही.

एक वाक्य मला झोपेतही दिसतं: "सदर विषयावर फारसे संशोधन झालेले नाही, म्हणून प्रस्तुत अभ्यास हाती घेतला आहे." अहो, संशोधन झालं नाही याचं कारण 'कोणाला गरज वाटली नाही' हेही असू शकतं! मी माझ्या गटात हे वाक्य दिसलं की पेपर खाली ठेवतो आणि विचारतो, "बरं, आधीच्या लोकांनी काय केलं होतं?" मग तोंडी उत्तर येतं, समजा, असं: "त्यांनी हा सेन्सर सगळा कोरड्या मातीत वापरला हो. ओल्या मातीत तो वेगळंच वाचन देतो." हेच लिही म्हणतो. "आधीच्या अभ्यासांतली माती कोरडी होती. ओल्या मातीत हा सेन्सर चुकतो का आणि किती, हे आम्ही तपासले." दोन वाक्यांत जुनं काम, पोकळी आणि नवा प्रश्न तिन्ही आले. ते त्या माणसाला आधीपासून माहीत होतं, फक्त लिहिताना अंगात 'सदर' आणि 'प्रस्तुत' संचारतं. हे भाषणात शंभर वेळा सांगून होत नाही, त्याच्याच वाक्यावर एकदा करून दाखवलं की होतं.

म्हणून तळटीप यांना माझं अनुमोदन. फक्त सुरुवातीला पूर्ण पेपर मागू नका. शीर्षक, सारांश आणि प्रास्ताविकाचं पहिलं पान एवढंच मागा. तेवढ्यात रोग कळतो.

काठावरची
नमस्कार, मी तुमच्या भाषेत 'नवी रुजू झालेली'. एक भाबडा प्रश्न विचारते. आमच्याकडे मेंटॉर म्हणून विभागप्रमुखच नेमले आहेत. माणूस चांगला आहे, पण माझा वार्षिक अहवालही तेच लिहितात. मला सांख्यिकीतली एक गोष्ट नीट येत नाही, हे त्यांना कसं सांगू? मी 'चाललंय सर, जवळजवळ झालंय' म्हणते. तेही खूश, मीही सुटले.

दुसरं म्हणजे, पेपरवर सरांचं नाव 'घालायचं असतं' असं मला इतरांनी सांगितलंय. त्यांनी स्वतः कधी मागितलेलं नाही.

आणि रोज मेल येतात, "आदरणीय विदुषी, आपले संशोधन आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये चार दिवसांत प्रसिद्ध करू." हसू येतं, पण वर्षाअखेरी मोह होतो हेही खरं.

तळटीप
काठावरची, तुमचा पहिला मुद्दा योजनेत ठळक अक्षरांत घालते. ज्याच्या हातात गुणांकन, त्याच्या हातात मेंटॉरिंग नको. दुसऱ्या विभागातला माणूस चालेल. विषय थोडा लांबचा असला तर उलट बरंच, त्याला कळेल असं लिहावं लागतं. विषयातलं बारीक काही अडलं तर त्यासाठी वेगळं माणूस गाठायचं. एकाच गुरूकडून सगळं मिळावं ही अपेक्षाच चुकीची.

नावाबद्दल: वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी सांगते. कल्पना, आखणी, माहिती किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात बौद्धिक दुरुस्ती. अंतिम प्रतीला मान्यता. आणि सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही हव्यात. नुसता निधी आणला, गटावर सर्वसाधारण देखरेख केली किंवा भाषा तपासली, तर आभारात नाव. मेंटॉर एवढंच करत असेल तर त्याची जागा आभारातच.

शून्योत्तर
थोडा खडा टाकतो. मसुद्यात बौद्धिक दुरुस्ती हीसुद्धा अट आहे ना? मग समीक्षक_दोन यांनी ओल्या मातीचा प्रश्नच बाहेर काढून दिला, ते आभारात की लेखकांत? शिवाय क्रेडिट नावाची जी योगदानाची वर्गवारी बरीच जर्नलं वापरतात, तिच्या १४ भूमिकांत 'सुपरव्हिजन' आहे, आणि तिच्या व्याख्येत मूळ गटाबाहेरचं मेंटॉरिंगही धरलेलं आहे. आता बोला.

आमच्या गणितात बहुतेक वेळा लेखकांची नावं आडनावांच्या वर्णानुक्रमे येतात, त्यामुळे 'पहिलं नाव कोणाचं' हे भांडण आम्हाला माहीतच नाही. नाव असावं की नसावं, हे मात्र आहे.

समीक्षक_दोन
खडा बरोबर जागी पडला. पण क्रेडिट फक्त कोणी काय केलं याची नोंद करतं. लेखक कोण, हा निकाल त्यातून लागत नाही, तो जर्नलच्या आणि विषयाच्या नियमांनी लागतो. आणि ओळीओळीला सुचवलेली दुरुस्ती हे काम समीक्षक म्हणून मी फुकट करतोच, तिथे नाव मागत नाही. मेंटॉरने विदा (डेटा) हाताळली, विश्लेषण स्वतः केलं, तर तो सहसंशोधक झाला. मग चारही अटी पाळून नाव घ्यावं.

वाद टाळायचा तर पहिल्या बैठकीतच कागदावर घ्या: "या गटात वाचलेल्या कोणत्याही लेखनावर मेंटॉरचं नाव येणार नाही. सहकार्य सुरू झालं तर तो गटाबाहेरचा, वेगळा करार." हे ज्येष्ठाने स्वतः सांगायचं. धाकट्याला मागायला लावू नका.

त्या चार दिवसांच्या जर्नलांबद्दल: २०१३ मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी जाणूनबुजून ढोबळ चुका ठेवलेला बनावट पेपर ३०४ ओपन अ‍ॅक्सेस (म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना पाठवला होता. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. पेपर तिथे छापला गेला की तो पुन्हा दुसरीकडे पाठवता येत नाही, म्हणजे काम चांगलं असेल तर तेही वाया. ही साधी गोष्ट वर्षाअखेरी आठवावी. मेल आदरणीय विदुषी म्हणत असेल तर मेंटॉरला फॉरवर्ड करायचा, एवढा नियम पुरे.

बखरवाचक
सगळं विज्ञानाच्या चष्म्यातून चाललंय, म्हणून थोडं आमचंही. इतिहासात, साहित्यात बहुतेक लेखन एकट्याचं, त्यामुळे नावाचा प्रश्न नाही. पण एकटेपणाचा आहे. प्रयोगशाळेत निदान शेजारच्या टेबलावर कोणीतरी असतं. इथे माणूस दप्तरखान्यात बसून हजार कागदांचे फोटो काढून आणतो आणि वर्षभर त्यांच्याकडे बघत बसतो. त्याला विचारलं, "पेपर कशावर?" तर उत्तर येतं त्या कालखंडाचं नाव. कालखंड म्हणजे विषय नव्हे हो!

आमच्या गटात आम्ही मसुद्याच्याही आधीचं वाचतो. एकच कागद, एखादं पत्र किंवा हिशेबाचं पान, सगळ्यांसमोर ठेवायचं आणि ज्याने आणलं त्याने सांगायचं, यात तुला खटकलं काय. हिशेबात एकच माणूस दोन नावांनी का येतो? ते खटकणं सापडलं की लेखाला दार मिळतं.

आणि एक, कृपा करून आम्हाला इम्पॅक्ट फॅक्टर विचारू नका. तो जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षी मिळालेल्या उद्धरणांवरून काढतात. आमच्या विषयात लेखाची दखल घ्यायलाच लोकांना पाच वर्षं लागतात.

शून्योत्तर
तो आकडा एकेका लेखकाला तोलायला वापरू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, म्हणजे डोरात, स्पष्ट म्हटलंय. सह्या खूप संस्थांनी केल्या, अर्जातला रकाना मात्र अजून तसाच आहे.

वाचणारा सहकारी आणि वाचणारा समीक्षक यांत फरक काय, याचा एक किस्सा. १९३६ मध्ये आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसतात अशा अर्थाचा पेपर फिजिकल रिव्ह्यू या जर्नलला पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो एका अनामिक समीक्षकाला दिला, त्याने लांबलचक टिपण लिहून चूक दाखवली. आइनस्टाइन भडकले. आम्ही छापायला दिला होता, कोणाला दाखवायला नव्हे, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्यांनी पेपर मागे घेतला. समीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे त्यांनी आइनस्टाइन यांचे सहायक लिओपोल्ड इनफेल्ड यांच्याशी गप्पांच्या ओघात तोच मुद्दा काढला. इनफेल्डना पटला, आइनस्टाइननाही पटला, आणि १९३७ मध्ये दुसऱ्या जर्नलमध्ये पेपर आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. आक्षेप तोच, माणूसही तोच. फक्त या वेळी तो पत्रातून न येता खुर्चीवर बसून बोलला.

खर्चाची_वही
निधीबद्दल कोणीच बोलेना, म्हणून मी. प्रस्ताव तपासणाऱ्या पॅनेलवर बसतो.

पहिलं म्हणजे पेपर लिहिणं आणि प्रस्ताव लिहिणं या वेगळ्या कला आहेत. पेपरात झालेलं सांगायचं असतं, प्रस्तावात न झालेल्यावर समोरच्याचा विश्वास बसवायचा असतो. चांगले पेपर लिहिणारी माणसं इथे गडगडतात. दुसरं, पॅनेलवरच्या माणसाच्या पुढ्यात ढीग असतो आणि तो तुमच्या उपविषयातला असेलच असं नाही. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएचच्या अर्जात 'स्पेसिफिक एम्स', म्हणजे नेमकी उद्दिष्टं, हे एक पान असतं, एकच. तिथल्याच एनएसएफ या विज्ञानाला निधी देणाऱ्या संस्थेच्या अर्जातही सारांश एका पानाचा, आणि त्यात बौद्धिक मूल्य आणि व्यापक परिणाम हे दोन्ही वेगळे सांगावेच लागतात. तुम्ही कुठेही अर्ज करा, तसं एक पान आधी लिहा आणि गटात फक्त तेच वाचा. ते पान उभं राहत नसेल तर पुढची पंधरा पानं लिहून हात दुखवून घेऊ नका.

एक नमुना दाखवतो, बदलून.
"या प्रकल्पाचा उद्देश अमुक वनस्पतीच्या औषधी गुणधर्मांचा सखोल अभ्यास करणे हा आहे. उद्दिष्ट १: सक्रिय घटक वेगळा करणे. उद्दिष्ट २: त्या घटकाची पेशींवरील क्रिया तपासणे. उद्दिष्ट ३: प्राण्यांवर चाचणी."

दिसायला नेटकं. पण घटक वेगळा झालाच नाही तर? दुसरं आणि तिसरं उद्दिष्ट जागेवर बसलं आणि तीन वर्षांचा पैसा पहिल्याच सहा महिन्यांत अडकला. पॅनेलवर हे कोणीतरी विचारतंच, आणि विचारलं की खोली शांत होते. मी त्या मुलीला म्हटलं, पेशींवरचं काम कच्च्या अर्काने आत्ताच सुरू करता येईल का? येईल म्हणाली. मग तेच पहिलं उद्दिष्ट कर, घटक वेगळा करणं त्याच्या बरोबरीने चालू दे, आणि नाही सापडला तर काय करणार याच्या तीन ओळी लिही. 'सखोल अभ्यास' खोडायला लावलं. सखोल किती, हे कोणीच मोजू शकत नाही.

बजेटही गटात वाचा. लोक लाजतात, पण तिथेच खोटं पकडलं जातं. बजेटमध्ये संशोधन सहायक पूर्ण वेळ, आणि कामाच्या आराखड्यात त्याचं नावच नाही. किंवा यंत्र तिसऱ्या वर्षी येणार आणि त्याची मोजमापं दुसऱ्या वर्षी.

आणि निधी देणाऱ्या संस्थेतल्या अधिकाऱ्याशी अर्जाआधी बोलायला नवे लोक घाबरतात. जिथे परवानगी आहे तिथे जरूर बोला. एका पानाचा गोषवारा पाठवून 'हे तुमच्या योजनेत बसतं का' एवढं विचारलं तर कोणी खात नाही. पहिल्या वेळी मेंटॉरने सोबत बसून तो मेल लिहावा.

ता.क. नाकारलं गेलं की लोक एमआरएनए लशींमागच्या संशोधक कातालिन कारिकोंचं उदाहरण देऊन धीर देतात. त्यांना निधी मिळत नव्हता, १९९५ मध्ये विद्यापीठाने पद खाली आणलं, २०२३ मध्ये नोबेल. खरं आहे सगळं. पण ज्याचा अर्ज काल परत आला त्याला नोबेल नको असतं, पॅनेलच्या शेऱ्यांतले कोणते मनावर घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे सांगणारं कोणी हवं असतं.

अर्धविराम
आता माझा वेळेचा मुद्दा पुन्हा. यावर प्राध्यापकांच्या लेखनसवयी अभ्यासणारे रॉबर्ट बॉइस यांचा १९८९ चा अभ्यास नेहमी सांगतात. जुन्या सवयीने लिहिणाऱ्या प्राध्यापकांची वर्षाला सरासरी १७ पानं झाली, रोज थोडं लिहून नोंद ठेवणाऱ्यांची ६४, आणि नोंद ठेवून ती दुसऱ्याला नियमित दाखवणाऱ्यांची १५७. म्हणजे तास मिळाले नाहीत तरी कोणीतरी विचारणारं असलं की पानं होतात. हे माझ्याच आक्षेपाच्या विरोधात जातं, चालेल.

समीक्षक_दोन
तो अभ्यास अगदी लहान गटाचा होता, त्यावर फार इमले नकोत. २०१६ मध्ये हेलन स्वोर्ड यांनी 'रोज लिहा' या मंत्राची चांगली चिरफाड केली. भरपूर लिहिणारे कित्येक प्राध्यापक रोज लिहीत नाहीत, असं त्यांना आढळलं. त्यामुळे गटात 'रोज किती शब्द' असली हजेरी घेऊ नका. कोणी सुट्टीत एकदम लिहील, कोणी पहाटे. ठरलेल्या वारी पानं आली म्हणजे झालं.

तासांचं मात्र अर्धविराम म्हणतात तेच. वर्कलोडमध्ये नोंद नसेल तर मेंटॉर टिकत नाही.

काठावरची
धागा वाचून धीर आला. माझ्या पेपरवर कालच मेजर रिव्हिजन, म्हणजे 'मोठे बदल करून पुन्हा पाठवा', आलंय. पहिला समीक्षक म्हणतो नमुना निवडीचं वर्णन लांबलंय, कमी करा. दुसरा म्हणतो नमुना कसा निवडला ते कळत नाही, सविस्तर लिहा. दोघांना एकदम खूश कसं करू? रागाच्या भरात उत्तर लिहून ठेवलंय: "समीक्षकांनी पद्धतीचा विभाग नीट वाचलेला दिसत नाही."

समीक्षक_दोन
मेजर रिव्हिजन म्हणजे दार उघडं आहे, आधी अभिनंदन! ते उत्तर फाईलमध्येच राहू द्या, पाठवू नका.

दोघं उलटं बोलत नाहीयेत. लांबलंय आणि कळत नाही, ही एकाच परिच्छेदाची दोन लक्षणं. निवडीचे निकष आणि किती जण वगळले ते मुख्य लेखात चार ओळींत सरळ लिहा, बाकी तपशील पूरक फाईलमध्ये. उत्तराच्या पत्रात प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर. साधारण असं: "नमुना निवडीचे वर्णन विस्कळीत होते. निकष आता पद्धती विभागाच्या दुसऱ्या परिच्छेदात एकत्र दिले आहेत (ओळी ११२ ते ११५). संपर्काचे टप्पे पूरक तक्त्यात हलवले आहेत, त्यामुळे पहिल्या समीक्षकांनी सुचवल्याप्रमाणे विभाग लहान झाला आहे." दुसऱ्याच्या उत्तरात पहिल्याचा उल्लेख राहू द्या, संपादकालाही दिसतं की तुम्ही दोघांना तोलून निर्णय घेतलाय. एखादा शेरा पटत नसेल तर कारण देऊन नाही म्हणा, चालतं. सगळं मान्य करणारा लेखक मला थोडा संशयास्पदच वाटतो.

तळटीप
सगळ्यांचे आभार. प्रशासनाला जाणाऱ्या मसुद्यात आत्ता एवढं घेतलंय: मूल्यमापन करणारा मेंटॉर नको, नाव न घेण्याचं लेखी, तास वर्कलोडमध्ये, पेपरसाठी पहिलं पान आणि प्रस्तावासाठी एक पान. बखरवाचक यांची 'एक कागद' बैठक सामाजिक शास्त्रांच्या गटालाही देऊन बघते.

एक राहिलं. पहिल्या बैठकीला कोणाची पानं ठेवायची, यावर इथे कोणी बोललं नाही. नव्यांपैकी कोणीच पुढे येणार नाही, हे नक्की.

खर्चाची_वही
मेंटॉरची. आणि नाकारला गेलेला प्रस्ताव, पॅनेलच्या शेऱ्यांसकट. मिळालेला आणू देऊ नका, तो फक्त मिरवायच्या कामाचा.